मस्तगडचा मॉनिटर आणि पत्रिकेतली वरची ओळ

मित्रांनो, मला जुना म्हणालात तर माझी काही हरकत नाही. मी जुना आहेच. पण भंगार म्हणालात तर मात्र राग येईल, आधीच सांगून ठेवतो. मी कॉम्प्युटरचा मॉनिटर आहे. हल्लीचे असतात तसा लांबट, काडीसारखा नव्हे. चांगला चौकोनी आणि भक्कम बुडाचा. जालन्यात मस्तगडला अण्णासाहेबांचं लग्नपत्रिका छापायचं दुकान आहे. तिथल्या टेबलावर माझा मुक्काम असतो. आयुष्यभर मी दुसऱ्यांची अक्षरं अंगावर मिरवली. आज जरा माझी स्वतःची गोष्ट सांगतो. मध्येच उठून जाऊ नका, एवढीच विनंती.

माझा जन्म कुठे झाला ते मला नीटसं आठवत नाही. पांढरे दिवे आठवतात आणि पांढऱ्या टोप्या घातलेल्या, एक शब्दही न बोलणाऱ्या मुली आठवतात. त्यांनी माझ्या काचेवर एक पातळ कागद चिकटवला, मला खोक्यात ठेवलं आणि झाकण लावलं. पुढे कितीतरी दिवस सगळं डुलत होतं. ते पाणी होतं की रस्ता होता, कोण जाणे! खोक्यातल्या अंधारात मी पडून राहिलो. तेव्हा अंगावर एकही अक्षर उमटलेलं नव्हतं, त्यामुळे स्वप्नंसुद्धा कोरीच पडायची.

डोळे उघडले ते अंकुशनगरला, साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर. थंडीचे दिवस होते, गळीत हंगाम जोरात होता. काट्यावर उसाची गाडी चढली की माझ्या अंगावर हिरवे आकडे उमटायचे. बाहेर बैलांच्या घुंगरांचा आवाज, मळीचा गोड-आंबट वास आणि खिडकीतून दिसणारा धुराचा पांढरा लोट. मी मनात म्हणायचो, वा रे वा, काय थाट आहे आपला! सात हंगाम मी तिथे काढले. मग एक दिवस लांबट, पातळ पाहुणा आला आणि माझी रवानगी झाली गोदामात. पोत्यांच्या मागे दोन वर्षं पडून होतो. तुम्हाला वाटतं बंद केला की मॉनिटर मेला. तसं नसतं हो. आम्ही झोपतो. अंगावरून गेलेलं सगळं झोपेत परत येतं, सावकाश, तरंगत, उलटसुलट होऊन. त्या गोदामात माझ्या स्वप्नात उसाच्या गाड्या ढगांवरून चालायच्या आणि बैलांच्या शिंगांवर आकडे लटकलेले असायचे.

गोदामातून मला मस्तगडला आणलं अण्णासाहेबांनी. त्यांनी माझ्या काचेवरची धूळ स्वतःच्या सदऱ्याच्या टोकानं पुसली आणि म्हणाले, "बराबर हाय. चांगलं चालंल हे." कोणी कौतुक केलं की आपण विरघळतो. मी त्याच क्षणी त्यांचा झालो.

दुकान लहान होतं, पण काम झकास चालायचं. अण्णासाहेबांची बायको गिरिजाबाई शेजारी स्टुलावर बसून गिऱ्हाइकानं दिलेला कागद मोठ्यानं वाचायच्या आणि अण्णासाहेब कळांकडे न बघता टाइप करायचे. दिवसभर माझ्या अंगावर लग्नं लागायची. कुठे गणपती, कुठे बोधिवृक्षाचं पान, आणि खाली नावंच नावं. आपल्याकडच्या पत्रिकेत किती नावं असतात हे तुम्हाला मी सांगायला हवं का? काका, मामा, आत्या, मावश्या, भाऊबंद, आणि तळाला "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं" म्हणणारी सगळी चिल्लीपिल्ली. एक नाव राहिलं तर तो माणूस मांडवात येत नाही. आला तरी जेवत नाही. अण्णासाहेब म्हणायचे, "नाव म्हंजी मानाचं पान. ते हरपलं तर माणूस हरपतो." चोवीस वर्षं त्यांच्या हातून कुणाचं नाव गळलं नव्हतं. अख्ख्या मस्तगडात त्यांची ही कीर्ती होती.

मग हळूहळू त्यांचे डोळे म्हातारे झाले.

पहिल्यांदा माझ्याच लक्षात आलं, कारण त्यांचं नाक माझ्या काचेच्या जवळ जवळ येऊ लागलं. चष्मा होता, पण त्याचं वाचायचं भिंग खाली, आणि तेही हातातल्या पुस्तकाच्या अंतराचं. मी हातभर लांब. शिवाय मला कागदाच्या दोन गठ्ठ्यांवर उंच बसवलेलं; चष्म्याच्या खालच्या भिंगातून मला बघायचं तर त्यांना हनुवटी आढ्याकडे करावी लागायची. संध्याकाळी मान धरून बसायचे. बरं, माझं तोंड होतं रस्त्याच्या बाजूला, त्यामुळे रस्त्यावरचं ऊन सरळ माझ्यावर यायचं. अक्षरं दिसेनात म्हणून अण्णासाहेबांनी काय करावं? माझा उजेड वाढवला. अजून वाढवला. शेवटी पूर्ण वाढवला! कंदिलाची वात मोठी केली की जास्त दिसतं, तसंच इथेही असणार, असा त्यांचा हिशेब. मी भगभगायला लागलो आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मला अगदी अपराधी वाटायचं. प्रकाश माझाच होता ना.

त्यांची मुलगी संध्या अंबडच्या शाळेत शिक्षिका आहे. रविवारी आली की ती हे सगळं बघायची.

"बाबा, अक्षरं मोठी करून देते. दोन मिनिटांचं काम हाय."

"हात नको लावू," अण्णासाहेब फिस्कारायचे. "रस्त्यावरून समदं दिसतं. लोक म्हणतील, अण्णासाहेबाला बालवाडीच्या पुस्तकावानी अक्षरं लागून राह्यली. मंग पत्रिका कोण टाकंल इथं?"

"आन् काही चुकलं तर?"

"चुकत न्हाई. मला दिसतं."

दिसतं! हा शब्द मी किती वेळा ऐकला असेल, देवच जाणे. दिसत नव्हतं, मित्रांनो. एका साखरपुड्याच्या पत्रिकेतून सहा मावश्यांपैकी दोघी गळाल्या. गिरिजाबाईंनी छपाईच्या आधी पकडलं म्हणून निभावलं. त्या दिवसापासून अण्णासाहेब मनातून घाबरले. वरून मात्र तोच ताठा. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात ना, तसं.

अशातच लग्नसराई तोंडावर आली आणि भोकरदन तालुक्यातल्या धावड्याहून कचरू नावाचे एक शेतकरी आले. मुलीचं, मीनाचं लग्न होतं. वहीचं पान फाडून त्यावर नावं लिहून आणलेली. गिरिजाबाईंनी वाचलं, अण्णासाहेबांनी टाइप केलं, आणि गिरिजाबाई चहा ठेवायला आत गेल्या. कचरू उठले. दारात चपला घालता घालता थांबले.

"आन् अण्णासाहेब, वर आई-बापाच्या जोडीला आमच्या थोरल्या भाऊचं नाव घ्या. सोमेश्वर. बाप गेला तव्हा मी सहा वर्षांचा व्हतो. त्यानंच वाढवलं मला. खाली काकाच्या रांगेत नका टाकू त्याला. वर घ्या."

आता ही वरची ओळ कोणती ते सांगतो. पत्रिकेच्या अगदी माथ्याला, देवाच्या चित्राखाली, बारीक अक्षरांत 'यांच्या कृपाशीर्वादाने' अशी एक ओळ असते. तिथे बहुतेक करून घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांची नावं असतात. अण्णासाहेबांनी कै. वडील, कै. आई यांच्यापुढे 'व वडीलबंधू श्री. सोमेश्वर' असं टाइप केलं. बोटांनीच केलं, नजर कुठे पोचत होती! ती बारीक लाल अक्षरं माझ्या कपाळावर उमटली आणि मला उगाच बरं वाटलं. त्या रात्री झोपेत ती अक्षरं परत आली. एक लहान मुलगा मोठ्या भावाच्या खांद्यावर बसून कुठल्याशा शेताच्या बांधानं चालला होता.

पत्रिका छापल्या, कचरू घेऊन गेले. नावांचा कागद रद्दीत गेला. पुढच्या तीन आठवड्यांत माझ्या अंगावर चाळीस लग्नं लागली आणि कचरूंचं ते दारातलं वाक्य अण्णासाहेब पार विसरले. मी विसरलो नाही.

मग आला तो रविवार. संध्या आलेली होती. सकाळचं दुकान उघडलं आणि एक सत्तरीचे गृहस्थ पायरीवर उभे राहिले. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, खांद्यावर उपरणं, आणि हातात तीच पत्रिका. चेहरा दोन रात्री न झोपलेल्या माणसाचा.

"ही पत्रिका तुमीच छापली?"

"हो. बसा की. कुठून आले?"

"धावड्याहून, पयल्या गाडीनं. मी सोमेश्वर. कचरूचा थोरला भाऊ." ते बसले नाहीत. "याच्यात माझं नाव न्हाई."

अण्णासाहेबांच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"कचरू पत्रिका आन् अक्षता घिऊन आल्ता. मी मळ्यात गेल्तो. बायकूच्या हातात दिऊन गेला. तिला वाचता येत न्हाई. मी बोट ठिऊन ठिऊन बघितलं, काकाच्या रांगेत समदे हायेत, चुलत हायेत, लांबचे हायेत. मीच न्हाई." त्यांनी पत्रिका मिटली. "विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून आमी चार वर्षं बोलत न्हवतो. औंदा पोरगी मधी पडली आन् बोलायला लागलो. मला वाटलं, मिटलं समदं. तुमी येवढंच सांगा. त्यानं नाव दिलं न्हवतं, का तुमच्या हातून राह्यलं? घरात मी कुणाला बोललो न्हाई. काय तोंडानं बोलू? त्यानं दिलं नसंल तर मी लग्नाला जाणार न्हाई. पुन्हा त्याच्या दारात पाय ठिवणार न्हाई."

अहो, वर बघा! वर! मी किती तळमळलो म्हणून सांगू. नाव आहे हो तिथे, मी स्वतः अंगावर वागवलंय ते! पण मला तोंड कुठाय? मी तेव्हा कोरा, निळा, मुका पडलो होतो. जे कोणी उघडेल तेच दाखवायचं, हा आमच्या जातीचा शाप.

अण्णासाहेबांनी कप खाली ठेवला. त्यांना त्या दोन मावश्या आठवल्या असणार, कारण चेहरा एकदम उतरला. गिरिजाबाईंकडे बघितलं, संध्याकडे बघितलं, आणि हात जोडले.

"भाऊ, चूक माझीच हाय. तुमच्या भावाची न्हाई. माझे डोळे गेले. ओळीच्या ओळी सुटतात. कुणाला सांगितलं न्हाई आजपावतर. तुमचं नाव माझ्याच हातून गळलं."

सोमेश्वर भाऊंनी मान हलवली. "तुमी त्याला झाकून राह्यले. चोवीस वर्षं पत्रिका छापून राह्यले तुमी, समदा तालुका तुमचं नाव घेतो. तुमच्या हातून नाव गळंल व्हय?"

"गळंल. दाखवतो ना, या हिकडं."

त्यांनी ती पत्रिका माझ्यावर उघडली. नाक काचेला लावलं आणि वाचायला लागले. एका काकाचं नाव दुसऱ्याच्या आडनावाला जोडलं. एक ओळ दोनदा वाचली, पुढची दोन गाळली. माझा भगभगीत उजेड त्यांच्या तोंडावर, डोळ्यांतून धारा, आणि तरी वाचतायत. भर सकाळी, दार सताड उघडं, रस्त्यावरून माणसं जातायत. गिरिजाबाईंनी पदर तोंडाला लावला. मला त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं.

मग अण्णासाहेब मागे सरकले आणि डोळे मिटून म्हणाले, "संध्या, कर बाई मोठं. काय करायचं ते कर. रस्त्यावरून दिसलं तर दिसू दे."

संध्या जणू त्या परवानगीचीच वाट बघत होती. तिनं आधी मला धरून बाजूच्या भिंतीकडे जरासं वळवलं. ऊन माझ्या अंगावरून गेलं. बुडाखालचे कागदाचे गठ्ठे काढले आणि मी टेबलावर टेकलो, अण्णासाहेबांच्या नजरेच्या किंचित खाली. मग माझा उजेड उतरवायला लागली. शेजारी एक कोरा कागद धरला आणि त्या कागदाइतकाच मी उजळ दिसेन, तिथे थांबली. हाश्श! कितीतरी महिन्यांनी मला श्वास घेतल्यासारखं वाटलं. अण्णासाहेबांच्या कपाळावरची आठी सैल पडली. माउसच्या बाणाचं टोक तिनं जाड केलं. आणि मग अक्षरं वाढवू लागली. दीडपट. दुप्पट. तिप्पट. पत्रिका एवढी मोठी झाली की माझ्यात मावेना, नुसता माथाच तेवढा राहिला. गणपतीची सोंड, एक कमळ, आणि खाली एक लाल ओळ, प्रत्येक अक्षर बोराएवढं.

"थांब," सोमेश्वर भाऊ म्हणाले.

ते माझ्यासमोर आले. वाकले नाहीत, डोळे बारीक केले नाहीत. तसेच उभे राहून, शाळेत वाचतात तसं एकेक अक्षर जोडत वाचू लागले. "व… व-डी-ल… बंधू… श्री… सो… मे…"

पुढचं त्यांना म्हणता आलं नाही.

अण्णासाहेबांनी कपाळावर हात मारला. "आठवलं! आठवलं भाऊ! दारात हुभं राहून बोलला तो. बाप गेला तव्हा सहा वर्षांचा व्हतो, भावानं वाढवलं म्हणाला. काकाच्या रांगेत नका टाकू, आई-बापाच्या जोडीला घ्या म्हणाला!"

सोमेश्वर भाऊ स्टुलावर बसले. हातातली पत्रिका लांब धरली, मग अजून लांब धरली, आणि ती बारीक ओळ आता त्यांना तिथेही सापडली. उपरण्यानं डोळे पुसले, पण ते काही थांबेनात.

"तिथं तर गेलेल्या माणसाचं नाव असतंय," ते म्हणाले. "म्या तिकडं बघितलंच न्हाई. जित्तेपणीच वर चढवलं व्हय मला येड्यानं!" आणि रडता रडता त्यांना हसू फुटलं. मग गिरिजाबाई हसल्या, संध्या हसली, आणि अण्णासाहेब हसता हसता रडायला लागले. कोण कशासाठी रडतंय याचा काही पत्ताच लागेना.

सोमेश्वर भाऊंनी खिशातून फोन काढला. कचरूंचं नाव त्यांना सापडेना, तेही संध्यानंच लावून दिलं.

"कचरू, मी बोलून राह्यलो. न्हाई, काही झालं न्हाई. पत्रिका वाचली. दोन दिस आधी येतो मी. मांडवाची मेढ माझ्याबिगर रोवायची न्हाई, सांगून ठिवतो."

पुढच्याच आठवड्यात संध्या वडलांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, तो काढला. माझ्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेतला. तरी अक्षरं मोठीच ठेवली आहेत. कुणी जाणाऱ्या-येणाऱ्यानं टोकलं, "अण्णासाहेब, हे काय येवढं मोठालं?" तर ते सरळ सांगतात, "माझ्या डोळ्याला लागतं. तुला काय त्रास व्हतो?" पत्रिका काही कमी झाल्या नाहीत. उलट परवा शेजारचे एक छपाईवाले संध्याकडून गुपचूप शिकून गेले, उजेड कसा उतरवायचा ते.

आता माझंही वय झालं आहे. माझ्या डाव्या कोपऱ्यात एक काळसर डाग पडलाय, तिथे अक्षरं उमटत नाहीत. दुरुस्तीला आलेला बबलू म्हणाला, "अण्णा, टाका हे. नवाकोरा लावू." अण्णासाहेबांनी माझ्यावरची पत्रिका धरून थोडी उजवीकडे सरकवली, माझा डाग मोकळा ठेवला आणि पुढचं नाव टाइप करायला लागले. मला काय वाटलं ते मी सांगू शकत नाही. हल्ली दुपारी गिऱ्हाईक नसलं की डुलकी लागते, आणि त्या डागातून कधी उसाची गाडी बाहेर येते, कधी बांधावरून चाललेले दोन भाऊ. मोठ्या अक्षरांची स्वप्नं सावकाश चालतात.

मित्रांनो, तुमच्या घरातही कोणीतरी मान पुढे काढून, डोळे किलकिले करून मोबाइलकडे नाहीतर माझ्यासारख्या एखाद्याकडे बघत असेल. त्यांना "दिसत नाही का?" असं विचारू नका. "दिसतं" असंच उत्तर येईल. निमूट जवळ बसा. उन्हाची तिरीप टाळा, उजेड कागदाइतका करा, अक्षरं मोठी करा. आणि एक करा, त्यांच्याऐवजी तुम्ही वाचून दाखवू नका. सोमेश्वर भाऊंना ती ओळ कुणी वाचून दाखवली असती, तर समजूत घालतायत म्हणून ते तसेच धावड्याला परत गेले असते. भावानं आपल्याला कुठं बसवलंय, ते त्यांचं त्यांनाच वाचता यायला हवं होतं.